पाच गळे, एक चाल

माझ्या कपाटात आराशी या पाच जणांच्या जपानी गायक-गटाची एक सीडी आहे. तिच्यातली गाण्यांची पुस्तिका उघडत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती आठ दिवस पाण्याखाली होती. पानं एकमेकांना चिकटली आणि वाळल्यावर सगळ्यांचा मिळून एक पुठ्ठा झाला. जोर लावला तर फाटेल, म्हणून मी लावत नाही. एका पानाचा खालचा कोपरा तेवढा सुटा राहिलाय. तो नखानं हळूच उचलला की कांजीच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षराच्या, डोक्यावर मी पेन्सिलनं लिहिलेली दोन हिरागाना, म्हणजे उच्चार सांगणारी अक्षरं दिसतात: 'आमे'. आमे म्हणजे पाऊस. 'कान्शा कान्गेकी आमे आराशी' या २००० सालच्या गाण्याचं ते पान. आभार, भारावून जाणं, पाऊस आणि वादळ, सगळं त्या एका नावात आहे. पेनानं लिहिलं असतं तर शाई पसरून गेली असती. पेन्सिल राहिली.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत जपानी भाषेचा क्लास घेते. मुलं बरेचदा विचारतात, "मॅडम, एवढे ग्रुप हायत, तुमचं आराशीच का?" दरवेळी अर्धवट काहीतरी सांगून मी धड्याकडं वळते. पण मे २०२५ मध्ये त्या पाचही जणांनी जाहीर केलं, २०२६ च्या वसंतात एक दौरा करायचा आणि मग आराशी कायमचं थांबवायचं. तेव्हापासून मनात होतं, आज लिहितेच.

आराशी म्हणजे वादळ. ओनो सातोशी, साकुराई शो, आइबा मासाकी, निनोमिया काझुनारी आणि मात्सुमोतो जुन. सप्टेंबर १९९९ मध्ये हवाईत, होनोलुलूजवळच्या समुद्रात, एका जहाजावरून त्यांची घोषणा झाली, तेव्हा ही पोरं १६ ते १८ वर्षांची होती. ३ नोव्हेंबरला पहिलं गाणं आलं, त्याचं नावही 'आ-रा-शी'च. त्या वर्षी जपानमध्ये व्हॉलीबॉलचा विश्वचषक होता, त्या सामन्यांसाठी केलेलं गाणं ते. गटाचा पुढारी कोण, हे जान्केनवर ठरलं. जान्केन म्हणजे दगड, कागद, कात्री. ओनो पुढारी झाला आणि शेवटपर्यंत राहिला.

माझ्यापर्यंत ही गाणी पोचली पुण्यात. २००९ पासून मी तिथं नोकरीला होते आणि शनिवार-रविवार जपानी शिकत होते. आमच्या सेन्से, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, पन्नाशीच्या, नऊवारी नेसून यायच्या आणि उच्चाराच्या बाबतीत फार कडक होत्या. एका रविवारी त्यांनी पुस्तक मिटलं आणि 'लव्ह सो स्वीट' लावलं. म्हणाल्या, "अर्थ शोधू नका, मात्रा मोजा." जपानीत प्रत्येक अक्षराला सारखी मात्रा असते. 'त्सु' छोटा असला तरी थांबायचं, 'न' एकटा असला तरी त्याला त्याची जागा द्यायची. आम्ही बोटांवर मोजत ऐकलं. गाण्याची सुरुवातच गाऊन होते, एक ओळ, आणि मग वाद्यं एकदम धावत आत येतात. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी मोजायचं विसरले.

हे गाणं २००७ चं. 'हाना योरी दांगो' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं शीर्षकगीत, आणि मालिकेत मात्सुमोतो नायक. मालिकेचं नाव जपानी म्हणीवरून आहे. फुलं बघत बसण्यापेक्षा खाल्लेली दांगो बरी, असा म्हणीचा अर्थ. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गोळ्या. आपल्याकडं 'आधी पोटोबा मग विठोबा' म्हणतात, त्याच्या जवळचंच. पण मालिकेनं 'दांगो'साठी 'मुलगे' या अर्थाची कांजी वापरली, म्हणजे फुलांपेक्षा पोरं बरी. असला खेळ जपानीत पावलोपावली आहे आणि मला तो फार आवडतो.

तेव्हा ही गाणी मिळवायची म्हणजे कष्ट होते. त्यांची कंपनी इंटरनेटवर काही ठेवायचीच नाही. फोटोसुद्धा नाहीत. २०१२ मध्ये क्लासमधली एक मैत्रीण नागोयाला गेली, परत येताना विचारलं, "तुला काय आणू?" मी म्हटलं, "आराशी." तिनं पहिल्या दहा वर्षांतल्या गाण्यांचा, २००९ चा संग्रह आणला. त्यानंतर सहा महिने रोज रात्री जेवण झालं की मी एकेक ओळ घेऊन बसायचे. प्रत्येक कांजीवर पेन्सिलनं उच्चार, समासात मराठी अर्थ. मी भाषा शिकले ती त्या पुस्तिकेतूनच, असं म्हटलं तरी चालेल.

त्यातलं 'हॅपिनेस' मी आज एन-४ च्या, म्हणजे जपानी भाषा परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीच्या, वर्गाला शिकवते. त्यात 'हाशिरिदासे' असा शब्द आहे. 'हाशिरु' म्हणजे धावणं, त्याला 'दासु' जोडलं की एकदम धावायला सुरुवात करणं, आणि शेवटी 'से' आला की आज्ञा. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे तीन वेळा समजावावं लागतं. मराठी पोराला एकदाच सांगायचं: "पळत सुट." जोडक्रियापद आपलं, क्रियापद वाक्याच्या शेवटी आपलं, 'ला', 'त', 'हून' नामाच्या मागं चिकटतात तेही आपलं. मी फळ्यावर 'पळत सुट' लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "पळ की लगा!" आणि वर्ग जागा होतो.

अजून एक सांगते. जपानीत 'मी' बरेच आहेत. 'वाताशी' कुणीही म्हणावं, 'बोकु' पोरांनी, 'ओरे' जरा रांगड्या पोरांनी. गाण्यात बहुतेक वेळा 'बोकु' असतो. मुलींचे ग्रुपसुद्धा गाण्यात 'बोकु' म्हणतात. पुण्यात आमच्या क्लासमधल्या मुली ते म्हणताना अडखळायच्या. इथं एकही पोरगी अडखळत नाही, कारण कोल्हापुरात आम्ही घरात 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो. आईला हाक मारून "आलो गं!" म्हणणाऱ्या पोरीला 'बोकु' काय जड जाणार.

आता पूर.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूला. नदीची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीपाशी बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. मी तोवर पुण्याहून परत येऊन क्लास सुरू केला होता. आम्ही कळंब्याला मावशीकडं होतो. घरी परतलो तेव्हा भिंतीवर छातीच्या वर पाण्याची रेघ, आणि जमिनीवर घोट्याएवढा गाळ. आईनं पहिल्यांदा देव शोधले, आबांनी पखवाज शोधला. पखवाजाची पुडी फुगून फाटली होती. ते तसेच उंबऱ्यावर बसून राहिले. मी सीडी शोधली, पण त्या क्षणी कुणाला सांगितलं नाही. पखवाजापुढं सीडीचं काय सांगायचं.

पुस्तिका गेली. दोन्ही चकत्या मात्र मी बादलीत भांड्याच्या साबणानं धुतल्या आणि आबांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं, मधून कडेकडं सरळ रेषेत पुसल्या. गोल पुसायचं नाही, गोल ओरखडा पडला तर सीडी कायमची जाऊ शकते. मावशीकडच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरवर लावल्या. पहिली तिसऱ्या गाण्यावर अडकली. दुसरी अखंड वाजली, आणि 'लव्ह सो स्वीट' दुसरीवरच आहे.

आबा तिथंच कॉटवर पडले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर म्हणून जन्म गेला, आणि चाळीस वर्षं पेठेच्या भजनी मंडळात. पूर आल्यापासून ते धड बोलले नव्हते. गाणं संपलं तसं डोळे मिटूनच म्हणाले, "पाचजण हायत म्हनतीस, पन गातोय तर एकच."

"न्हाई आबा, पाचबी एकदम गात्यात."

"परत लाव."

"थांबा, लावतो."

तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचा उजवा हात मांडीवर चालायला लागला. मग म्हणाले, "टाळकरी बरं हायत. कोन कुनाच्या फुडं जाईना." आणि जरा वेळानं, "मदनंमदनं एकटा येतो, त्यो कोन? त्यो जोर लावत न्हाई. त्यो विणेकरी हाय."

तो ओनो होता. पाचांत गळा त्याचाच. चाळीस गाणी ऐकून, मासिकं वाचून मला जे कळलं होतं, ते आबांनी तीन ऐकण्यांत सांगितलं. आणि मला इतकी वर्षं ही गाणी का सोडवत नव्हती, तेही मला त्याच कॉटपाशी कळलं. आराशीच्या गाण्यात धृपदाला पाचही जण एकच चाल गातात. वरचा सूर, खालचा सूर अशी रचना मोजकीच. बाकी सगळं एका सुरात. एकेकट्याचा आवाज घेतला तर साधा आहे. निनोमियाचा जरा किनरा, साकुराईचा जाड, आइबाचा पातळ. पण पाच साधे आवाज एका चालीवर आले की त्यात सहाव्याला जागा होते. ऐकणारा त्यात शिरतो. मोठा गवई ऐकताना आपण गप्प बसतो, बसलंच पाहिजे. भजनात आणि आराशीत गप्प बसवत नाही.

लोक म्हणतात हे बनवलेले ग्रुप, गाणी दुसऱ्यांची, नाच दुसऱ्याचा. गाणी बहुतेक दुसऱ्यांचीच आहेत, हे खरं. साकुराई आपले रॅपचे शब्द स्वतः लिहितो, आणि दहाव्या व विसाव्या वर्षाची दोन गाणी, '५ × १०' आणि '५ × २०', पाचांनी मिळून लिहिली. पण आबांच्या मंडळातल्या एकानंही अभंग लिहिलेला नाही. म्हणून काय त्यांचं गाणं त्यांचं नाही?

त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला आराशीनं यूट्यूबवर पहिल्यांदा पाच गाणी टाकली: 'आ-रा-शी', 'लव्ह सो स्वीट', 'हॅपिनेस', 'ट्रुथ' आणि 'मॉन्स्टर'. मला क्लासच्या एका पोरीनं लिंक पाठवली. घराला तेव्हा नुकता चुना लावला होता, ओल्या भिंतीचा वास होता, आणि मी मोरीच्या कट्ट्यावर बसून वीस वर्षांपूर्वीची ती पाच पोरं हलताना बघितली. ३ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी, सगळीच सिंगल्स ऑनलाइन आली आणि 'टर्निंग अप' हे नवं गाणंही. त्या साली जगात सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम त्यांचाच होता, ६४ गाण्यांचा, ३३ लाख प्रती.

दादाला गाण्यात रस नाही, पण त्याचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याला मी मैफलीतला सरकता मंच दाखवला. २००५ मध्ये मात्सुमोतोच्या डोक्यातून निघालेली ती कल्पना. लांब बसलेल्या लोकांनाही पोरं जवळून दिसावीत म्हणून अख्खा मंच प्रेक्षकांच्या डोक्यावरून पुढं सरकतो, आणि तळ पारदर्शक, खालच्या माणसाला नाचणाऱ्याचे तळपाय दिसतात. दादानं तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. "रूळ बग, बाजूनं न्हेलाय. मधी खांब न्हाई." मग पाच मिनिटं गप्प. नंतर म्हणाला, "लई भारी डोस्कं हाय ह्याचं." आमच्या घरात एवढं कौतुक क्वचित कुणाच्या वाट्याला येतं.

२७ जानेवारी २०१९ लाच त्यांनी सांगितलं होतं की २०२० संपलं की तूर्त थांबणार. ओनोनं इतरांना २०१७ मध्येच सांगितलं होतं की मला थोडं मोकळं जगायचं आहे. मला तेव्हा त्याचा राग आला होता. चौघं चालू ठेवू शकले असते. दुसऱ्या ग्रुपमध्ये तसंच होतं. 'मॉर्निंग मुसुमे' १९९७ पासून आहे, पहिल्यातली एकही आज त्यात नाही, ग्रुप चालू आहे. 'एकेबी ४८' चंही तसंच. मुलगी बाहेर पडते त्याला 'सोत्सुग्यो' म्हणतात, म्हणजे शाळा संपून निरोप घेणं. तिची जागा नवी मुलगी घेते.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना मुसुमेवाल्या पोरींचं लगेच पटलं. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री दोनला पहाऱ्याचा माणूस बदलतो, पण वीणा उभीच असते. "मग ह्यांनी का ठेवली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ह्यांचं म्हणणं असं की पाचजण नसतील तर ती आराशी नाही. आबा काही बोलले नाहीत. ३१ डिसेंबर २०२० ला टोकियो डोममध्ये, समोर एकही प्रेक्षक नसताना, ते थांबण्याआधीचं शेवटचं गायले. त्या वर्षी आबांच्या मंडळातले दोन टाळकरी गेले होते. रात्री जेवताना आबा आपणहून म्हणाले, "त्या पोराचं बरुबर हाय. वीणा जड झाली की हात कापतो. मग सूर हालतो." माझा राग त्या रात्री गेला.

क्लासमध्ये सगळ्यांत जास्त वेळा वाजतं ते 'फुरुसातो'. याच नावाचं एक शाळेतलं जुनं गाणं जपानमध्ये १९१४ पासून आहे, लहानथोर सगळ्यांना येतं. आराशीचं वेगळं. २०१० मध्ये वर्षअखेरीच्या 'कोहाकु' या, जपानच्या एनएचके वाहिनीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी केलेलं, आणि ते पाचजण त्या वर्षी पहिल्यांदा तिथं सूत्रसंचालक होते. शब्द कोयामा कुंदो यांचे. २०१३ मध्ये एनएचकेच्या शालेय समूहगान स्पर्धेत प्राथमिक शाळांसाठी हेच गाणं नेमलं होतं. फुरुसातो या शब्दाला मी मराठीत 'जन्मभूमी' लिहू देत नाही. 'गाव' लिहा म्हणते. "गावाकडं जाऊन येतो" मधलं गाव. माझी मुलं गडहिंग्लजची, राधानगरीची, कागलची. कुणी फाउंड्रीत जाणार, कुणी वृद्धांच्या सेवेच्या कामाला. पहिल्या धड्याला ते गाणं लावलं तर कुणाला काही होत नाही. व्हिसा आल्यावर लावलं की वर्ग एकदम शांत होतो, म्हणून मी ते व्हिसा आल्यावरच लावते.

परीक्षेच्या निकालाला 'साकुरा साके'. जपानीत परीक्षेत पास झाल्याला 'साकुराला (चेरीच्या झाडाला) फूल आलं' असं म्हणायची पद्धत आहे, आणि २००५ चं हे गाणं मुळात एका कोचिंग क्लासच्या जाहिरातीतलंच.

गेल्या रविवारी कागलचा पोरगा भेटायला आला. आयटीआय झालेला, पंधरा दिवसांनी आइची प्रांतात चाललाय. पेढे आणले होते. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "मॅडम, ते हॅपिनेस जरा मराठीत लिवून द्या की. अर्थ नको, नुसता उच्चार. आईसाठी."

घरी तो सराव करायचा तेव्हा त्याची आई भाकरी थापत ऐकायची. चाल तिला आलीय, शब्द येत नाहीत. तो गेल्यावर तिला म्हणायचं आहे.

मी लगेच वही घेतली. देवनागरीत जपानी लिहिणं फार सोपं जातं, अक्षराला अक्षर बसतं. आबा शेजारी बसून बघत होते. पहिल्या चार ओळी झाल्या तसं म्हणाले, "श्वास कुठं घ्यायचा त्ये लिव." भजनाच्या वहीत ते उभी रेघ मारतात, छोटी, लाल पेन्सिलनं. मी म्हटलं, मला ते नेमकं सांगता येणार नाही. मग आबांनी गाणं लावायला सांगितलं, लाल पेन्सिल माझ्या हातातून घेतली, आणि फोन कानाशी धरून एकेका ओळीत रेघा मारत गेले. 'हाशिरिदासे'पाशी दोनदा थांबवलं. तिथं त्यांनी रेघ मारली, खोडली, आणि पुढच्या शब्दानंतर मारली.

"हितं तोडायचं न्हाई," पोराला म्हणाले. "आईला सांग, हितं दम धरायचा."